ऊन आहे म्हणून एक साइज मोठं घेऊ नका

बाइकवर घालायचं रायडिंग जॅकेट घेताना सोलापुरात हमखास मिळणारा सल्ला: "ऊन लई हाय, एक साइज मोठंच घ्या, हवा खेळंल." हा सल्ला ऐकू नका. मेश जॅकेटमध्ये हवा जाळीतून शिरते, ढिलेपणातून नाही. ढिलं जॅकेट तुळजापूर रोडला ८०च्या वेगात फडफडतं आणि कोपरावरचा आर्मर (मार झेलणारी गादी) फिरून आतल्या बाजूला जातो. मग पडल्यावर आपटतं ते हाडच.

ऑनलाइन मागवायचं तर आधी टेप घ्या. छाती काखेखालून मोजा, पाठीवर टेप खाली घसरू देऊ नका. पोट बेंबीवर मोजा, ढेरी आत न ओढता. बाही खांद्याच्या हाडापासून, कोपर वाकवून, मनगटापर्यंत. हात सरळ ठेवून मोजलं की माप कमी भरतं आणि हँडल धरल्यावर बाही वर चढते. माप दोन साइजच्या मध्ये आलं तर सहसा लहान घ्या. पोट आवळत असेल तरच मोठं.

पार्सल आलं की आरशासमोर नको, गाडीवर बसून बघा. टॅग तोडू नका. चेन गळ्यापर्यंत लावा, कॉलरमध्ये दोन बोटं जायला हवीत. हँडल धरा, मान मागे वळवा. आता दुसऱ्या हातानं कोपराची गादी पकडून पिळा. थोडी हलली तर चालेल; हाड उघडं पडलं तर आधी बाहीचे पट्टे आवळा, तरीही सरकली तर जॅकेट परत करा.

एक दुरुस्ती मात्र इथे सहज होते. गादी घट्ट बसते, पण कोपराच्या इंचभर खाली राहते, असं बऱ्याचदा होतं. आर्मरचा खिसा अनेक जॅकेटांत फक्त अस्तराला शिवलेला असतो. तो उसवून वर घ्यायचा. युनिफॉर्म शिवणाऱ्या या गावात हे काम जमणारा टेलर शोधावा लागत नाही. बाहेरच्या कापडाची शीव मात्र त्याला उसवू देऊ नका. साध्या दोऱ्यानं परत शिवली तर घसरताना तीच आधी फाटते.

आर्मर बाहेर काढून छाप वाचा. ईएन १६२१-१ (हातापायांच्या आर्मरचं युरोपियन मानक) आणि लेव्हल १ किंवा २. चाचणीतल्या ठरलेल्या आघातातला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर पलीकडे पोचला तर लेव्हल १, २० पर्यंत असेल तर लेव्हल २. पाठीला बऱ्याच जॅकेटांत नुसता स्पंज येतो. तो काढून ईएन १६२१-२ चा (हे पाठीच्या आर्मरचं मानक) पॅड टाका, आणि फिटिंग पुन्हा तपासा, कारण जाड पॅडनं छाती आवळते.

पँटची गुडघ्याची गादी उभं राहिल्यावर खाली लोंबल्यासारखी वाटते. घाबरू नका. बसल्यावर ती वाटीवर आली म्हणजे झालं. नाही आली तर आतला वेल्क्रो वरखाली करून बघा.

ग्लोव्हज भर दुपारी घालून बघा. उन्हात हात थोडे सुजतात. सकाळी बरोबर बसलेला ग्लोव्ह दुपारी अंगठ्याच्या बेचक्यात काचतो आणि क्लच दाबताना बोटं बधिर होतात.