डाव्या कानातला खड्डा

५२ वर्षांचे गणिताचे शिक्षक. तक्रार अशी, की वर्गात कुणी ‘साठ’ म्हटलं की त्यांना ‘आठ’ ऐकू येतं आणि बरोबर उत्तराला ते चूक देऊन बसतात. पोरांना गंमत वाटे. सरांनी मात्र वर्गात जायचीच धास्ती घेतली होती.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, लोकांचं ऐकणं तपासणं हे माझं काम. या वयात कान थोडे उतरतातच, म्हणून फारसा विचार न करता त्यांना चाचणीला बसवलं. आलेख हातात आला तो वेगळाच. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा रेघ उंच स्वरांकडे सरळ घसरत जाते. यांची ४००० हर्ट्झच्या उंच स्वराला खड्ड्यात पडून त्याहून उंच ८००० ला पुन्हा वर आलेली. हा मोठ्या आवाजाचा घाव. पण शिक्षकाला कसला आवाज? मधल्या सुट्टीचा गोंगाट सोडला तर! शिवाय डावा कान उजव्यापेक्षा बराच खराब होता. कारखान्यात सहसा दोन्ही कान बरोबरीने जातात.

“सर, कधी बंदूक चालवलीत?”

ते बघतच राहिले. “कॉलेजात. रायफल शूटिंग, चार वर्षं. पण तुम्हाला कसं कळलं?”

रायफल उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. गोळीच्या बाराचा आवाज १४० डेसिबल किंवा त्याहूनही वर जातो. तिथे एका बारातही इजा होऊ शकते, आणि माणसाच्या आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानात काय घालायचात, असं विचारलं तर म्हणाले, “कापूस.” कापसाला तो आवाज काय जुमानतो! पुढे तीसेक वर्षं त्यांचं उरलेल्या ऐकण्यावर भागलं. आता वयाने त्यात भर घातली आणि उंच स्वरातला ‘स’ गेला.

“सतराव्या वर्षी एक खेळ घ्यायचा होता,” ते म्हणाले. “पोहणं नाहीतर शूटिंग. पोहायला पहाटे पाचला उठावं लागे. एवढंच कारण हो, दुसरं काही नाही.”

यावर काय बोलावं सुचेना. मी श्रवणयंत्र बसवायला घेतलं.

“पोहायलाच गेलो असतो तर?”

थंड पाण्यात वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांच्या कानाच्या नळीत हाड वाढतं, हे मी सांगून टाकलं. सर खळखळून हसले.

“म्हणजे तुमच्याकडे यायचं ते यायचंच होतं!”