देजोप: मॅडिसनच्या तळ्यांकाठी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन ही मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहे. उन्हाळ्यात तिथे जायला निमित्तं भरपूर: शनिवारी कॅपिटॉलभोवती, म्हणजे राज्याच्या विधानभवनाभोवती, भरणारा शेतकरी बाजार, जुलैतला कलामेळा, बुधवारी संध्याकाळी हिरवळीवर चादर अंथरून ऐकायचा वाद्यवृंद. मीही त्यासाठीच गेले. पण सर्वांत जास्त रमले ती विद्यापीठाच्या ऑब्झर्व्हेटरी हिलवर.

तिथे गवताखाली एक उंचवटा आहे. भोवती सावकाश फिरलं की अंग ओळखू येतं, मग शेपट्या, एक नाही, दोन! इथल्या मूळनिवासी होचंक लोकांच्या पूर्वजांनी हजारेक वर्षांपूर्वी मातीतून घडवलेलं हे जलदैवत. शेजारीच तसाच मातीचा पक्षी आहे. मेंडोटा तळ्याच्या उत्तर काठावर, मनोरुग्णालयाच्या आवारात तर ६२४ फूट पंखविस्ताराचा पक्षी आहे. या पवित्र जागा आहेत. कृपा करून त्यांच्यावर चढू नका.

मॅडिसन परिसरातल्या चार तळ्यांच्या या मुलखाला होचंक लोक देजोप म्हणतात. १८३२ च्या करारात तो त्यांच्याकडून बळजबरीने घेतला गेला. पुढे अनेकदा सरकारने त्यांना हुसकावलं, आणि दर वेळी माणसं परत आली. त्या बळजबरीचा स्पष्ट उल्लेख करणारा फलक विद्यापीठाने २०१९ मध्ये बॅस्कम हिलवर लावला. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. उत्सवाला येणाऱ्या प्रत्येकाने आधी तो वाचावा, मग बाजारात जावं.

मेंडोटाच्या तळातूनही जुनं जग वर येतंय. २०२१ मध्ये सुमारे १,२०० वर्षांपूर्वीची लाकडी होडी निघाली; पुढच्याच वर्षी एकाच ओकच्या खोडातून कोरलेली, सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची!

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत जाणार असाल तर ब्लॅक रिव्हर फॉल्सला होचंक नेशनचा पाव-वाव, म्हणजे नाच-गाण्यांचा मेळावा, जरूर गाठा. गाडीने साधारण दोन तास लागतात. मोठ्या ढोलाभोवती बसून गाणारे पुरुष, नाचणाऱ्यांच्या जिंगल ड्रेसवरच्या धातूच्या शंकूंची किणकिण, गरम तळलेली भाकरी, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे रिंगणात. ग्रँड एंट्रीला, म्हणजे सुरुवातीच्या मिरवणुकीत, गरुडपिसांचे दंड आणि झेंडे आत येतात, तेव्हा सगळे उभे राहतात आणि टोप्या उतरतात. आपणही तसंच करायचं, आणि निवेदकाने परवानगी दिल्याशिवाय फोटो काढायचा नाही.