आजोबांचा गुडघा उडालाच नाही

अनंत चतुर्दशीला इंदूरमध्ये कॅज्युअल्टीची नाइट म्हणजे धावपळच असते, झांक्या म्हणजे रोषणाईचे देखावे निघालेले, राजवाड्याकडचे रस्ते बंद, अॅम्ब्युलन्स फिरून फिरून येतात. त्यात रामबागेतले एक आजोबा आले, पंच्याहत्तरीचे. सकाळपासून नुसते झोपतायत, हाक मारली की डोळे उघडतात, परत मिटतात, हातपाय पार लुळे. घरच्यांना वाटलं लकवा, आम्हालाही आधी तेच वाटलं, पण सीटी नॉर्मल, शुगर नॉर्मल, आणि चारही हातापायांत ताकद सारखीच कमी. पल्स ४४, बीपी ८०/५०, चेहरा मात्र लालसर.

किडनीचे जुने पेशंट, क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात वाढतं ते) ४ च्या वर, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पोटॅशियमकडे. ते आलं ५.१, एवढ्यानं असं होत नाही. मग मी रिफ्लेक्स बघायचा छोटा हॅमर घेतला. गुडघ्याखाली मारला, एरवी पाय आपोआप उडतो, इथे काहीच नाही. पाय सैल धरून परत मारला, मांडीवर हात ठेवून बघितलं, स्नायू जरासुद्धा आवळला नाही. दुसरा पाय, कोपर, तेच. किडनी खराब, पल्स स्लो, बीपी लो आणि रिफ्लेक्स गायब, हे सगळं एकत्र दिसलं की रक्तात वाढलेलं मॅग्नेशियम आठवायलाच हवं, लेबर रूममध्ये एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात त्या) पेशंटला मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियमचं इंजेक्शन, चालू असताना गुडघा याच्यासाठीच तर बघतात.

सूनबाईंना म्हटलं, "वहिनी, घरी काय काय देताय, मेडिकलमधून असंच आणलेलं पण सांगा." त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात मिल्क ऑफ मॅग्नेशियाची बाटली, तळाशी जेमतेम बोटभर उरलेली. "अहो ताई, हे तर कब्जचं, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ देतोय, पोटच साफ होत नव्हतं."

किडनी धड असेल तर जास्तीचं मॅग्नेशियम लघवीतून निघून जातं. आजोबांचं कुठून जाणार, त्यात पोट साफ नाही म्हणजे औषध आतड्यात पडून राहणार आणि जास्तच शोषलं जाणार. आणि नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट्समध्ये बहुतेक ठिकाणी सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच येतं, मॅग्नेशियम वेगळं लिहून मागावं लागतं, नाही मागितलं तर कळतच नाही! मला याचा खरंच फार राग येतो.

मॅग्नेशियमच्या रिपोर्टची वाट न बघता १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० एमएल मॉनिटर बघत हळूहळू दिलं. पल्स ५८ वर आली. पण कॅल्शियम मॅग्नेशियमला बाहेर काढत नाही, हृदयावरचा आणि स्नायूंवरचा त्याचा असर थोडा वेळ रोखून धरतं, तेवढ्यात पुढची सोय करायची. सलाइन आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) लघवी होत असेल तर कामाचं, यांना लघवी जेमतेम. रिपोर्ट आला १०.४, नॉर्मल साधारण २.४ पर्यंत. नेफ्रोलॉजिस्ट सरांना फोन केला, मानेत कॅथेटर टाकलं आणि डायलिसिस सुरू. श्वास उथळ होता म्हणून व्हेंटिलेटर शेजारीच तयार ठेवलेला, लागला नाही, देवाची कृपा.

सकाळी मॅग्नेशियम ५.२, आजोबा जागे, चहा मागत होते. दुपारी थोडं परत वर गेलं, पेशींमधलं रक्तात येतं ना, म्हणून दुसऱ्या दिवशी अजून एकदा डायलिसिस.

वहिनी सारख्या रडत होत्या, मी त्यांना म्हटलं यात तुमचा काही दोष नाही, किडनीच्या पेशंटला हे औषध चालत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर मी मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं, मॅग्नेशियम असलेलं पोट साफ होण्याचं किंवा अॅसिडिटीचं औषध नको, कब्जसाठी लॅक्टुलोज दिलं, आणि मुलानं तिथंच त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, कारण त्यांच्या उज्जैनच्या काकांचंही डायलिसिस चालू आहे.