मित्राच्या केमोचे २१ दिवस

इंग्लंडात केमो सुरू होताना नर्स रुग्णाच्या हातात पाकिटात मावेल असं एक अलर्ट कार्ड ठेवते. त्यावर चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर असतो आणि एक ठळक सूचना: ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्यावर गेला तर सकाळची वाट पाहू नका. इथली मित्रमंडळी आपली कामं याच कार्डाकडे बघून वाटून घेतात. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा त्यांच्या खारघरच्या केंद्रात तुमच्या मित्राचे लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाचे) उपचार सुरू होत असतील, तर "काही लागलं तर सांग रे" म्हणण्याऐवजी हे कार्ड लिहून द्या. केस नंबर, औषधयोजनेचं नाव, शेवटच्या केमोची तारीख, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर आणि रात्री कुठल्या कॅज्युअल्टीत जायचं ते. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजवर.

त्याआधीचा टप्पा निदानाचा, आणि आपल्याकडे वेळ जातो तो तिथेच. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, सहा महिन्यांत दहा टक्के वजन कमी. ही लक्षणं टीबीचीही आहेत, त्यामुळे कधीकधी बायोप्सी न करताच टीबीची औषधं चालू होतात. सुईने काढलेल्या चार पेशींवरून लिम्फोमाचा प्रकार नीट ठरत नाही. शक्य असेल तर अख्खी गाठ काढून तपासावी लागते आणि तिच्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवरच्या खुणा रंगवून प्रकार ओळखायची तपासणी) करावी लागते. लिम्फोमा हॉजकिन की नॉन-हॉजकिन (हे त्याचे दोन मुख्य गट), बी पेशींचा की टी पेशींचा (या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती), यावर पुढची सगळी औषधं ठरतात. गाठीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) आणि स्लाइड मागून घेऊन सांभाळायचं काम एका मित्राकडे द्या. दुसरं मत घ्यायचं झालं तर रिपोर्टच्या कागदाआधी तेच मागतात.

मग परदेशातल्या मित्रांचा ठरलेला प्रश्न येतो: त्याला इकडे आणायचं का? बहुतेक वेळा नको. सर्वात जास्त आढळणाऱ्या मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमावर दिली जाणारी आर-चॉप ही पाच औषधांची योजना लंडनमध्ये आणि परळमध्ये सारखीच आहे. त्यातल्या रिटुक्सिमॅबचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध) २००७ पासून मिळतं. आजार उलटला तर लागणारी कार-टी उपचारपद्धतीसुद्धा (रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देतात ती) आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून तयार झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. उलट इंग्लंडात व्हिजिटर व्हिसावर आलेल्या रुग्णाला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, आपल्या दराच्या दीडपट बिल लावते. विमानाचे पैसे वाचवा, ते पुढे लागतील.

आर-चॉपचं चक्र साधारण २१ दिवसांचं, आणि बहुधा अशी सहा चक्रं. हॉजकिनसाठीच्या एबीव्हीडी या औषधयोजनेत २८ दिवसांत पहिल्या आणि पंधराव्या दिवशी औषध देतात. वेळापत्रक यावरून काढायचं. पहिला दिवस लांबतो, कारण पहिलं रिटुक्सिमॅब चार ते सहा तास सावकाश सोडतात. थंडी वाजली, अंगावर पित्त उठलं तर लगेच नर्सला हाक मारायची. सलाइन थांबवून, वेग कमी करून पुन्हा चालू करतात. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशीच विचारा, आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, तेही. आर-चॉपमधलंच डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं. नंतर एकदोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे.

पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात. भूक लागते, झोप उडते, साखर वाढते, आणि माणूस चक्क तरतरीत दिसतो. भेटायला आलेले "काही झालेलंच नाही याला" म्हणत परततात. गोळ्या थांबल्या की सहाव्या-सातव्या दिवशी तोच माणूस गळून जातो. विन्क्रिस्टिन हे केमोचं औषध आणि उलटी थांबवणाऱ्या गोळ्या यांमुळे बद्धकोष्ठ होतं. पाणी, इसबगोल आणि डॉक्टरांनी दिलेलं रेचक वेळेवर हवं. पांढऱ्या पेशी कमी असताना घरच्या घरी एनिमा देऊ नका. तोंड आलं तर कोमट पाण्याच्या पेल्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायची.

सातवा ते चौदावा दिवस सर्वात नाजूक. पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या वाढवण्याचं इंजेक्शन केमोनंतर २४ तास उलटल्यावरच द्यायचं असतं आणि ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून परळहून बदलापूरला नेताना बर्फाची पिशवी हवी. पण इंजेक्शन बर्फाला चिकटू द्यायचं नाही, गोठलं की वाया गेलं. आणि या आठवड्यात ताप आला तर तो "व्हायरल असेल" असं कोणी म्हणायचं नाही. पावसाळ्यात मुंबईत प्रत्येक घरात कुणीतरी तापलेला असतो, म्हणूनच फसगत होते. डेंग्यू-मलेरियाची तपासणी होईलच. पण अँटिबायोटिक तिच्यासाठी थांबत नाही, रक्तगणनेच्या रिपोर्टसाठीही नाही. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून औषध चालू व्हावं, हे उद्दिष्ट. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसलं की फोन करायचा आणि निघायचं. आधी पॅरासिटामॉल घेतली तर ताप झाकला जातो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: "केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप आलाय."

विरारहून किंवा डोंबिवलीहून रात्री दोनला परळ गाठणं, त्यात परळजवळच्या सखल हिंदमाताला पाणी भरलेलं असणं, हे गृहीत धरूनच घराजवळचं एक रुग्णालय डॉक्टरांशी बोलून आधी पक्कं करा. गाडी असलेला आणि रात्री फोन उचलणारा एक मित्र त्याच उपनगरात हवा. न्यू जर्सीच्या दहा मित्रांपेक्षा तो एक मोलाचा.

डबा गरम, ताजा, पूर्ण शिजलेला. मऊ खिचडी, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, सोलून खायची फळं. कोशिंबीर, बाहेरची चटणी, बर्फ घातलेला उसाचा रस बंद. गणपतीत उकडीचा गरम मोदक चालेल. पंचामृत आणि तीर्थ नको, काकू कितीही रागावल्या तरी. गुळवेलाचा काढा तर नकोच: २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली आहे. सर्दी झालेल्याने दारात डबा ठेवून निघून जावं.

रक्ताची यादी शांतपणे आधीच करा: नाव, गट, वजन, शेवटचं रक्तदान कधी. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून दाते एकदम पाठवू नका, टप्प्याटप्प्याने पाठवा. एका दात्याकडून यंत्राने प्लेटलेट काढायला दीड-दोन तास जातात आणि त्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. हॉजकिनच्या रुग्णाला विकिरणित (किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेलं) रक्त द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहा. इंग्लंडात हा नियमच आहे.

पैशाचं बोलायला आपण लाजतो, आणि मग गोंधळ होतो. आयकराच्या दृष्टीने मित्र हा नातेवाईक नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर मिळाले तर सगळी रक्कम करपात्र ठरू शकते. म्हणून खात्यावर पाठवण्याआधी सीएला विचारा, आणि रक्कम थेट रुग्णालयात भरता येते का ते बघा. टाटामध्ये रुग्णाच्या स्मार्ट कार्डावर आगाऊ पैसे भरायची सोय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं पहिल्या केमोआधीच द्या.

शेवटची केमो झाली की इथे इंग्लंडात घंटा वाजवतात आणि मित्र पांगतात. ते जरा लवकर होतं. शेवटचं पेट-सीटी (किरणोत्सारी द्रव टोचून काढतात तो स्कॅन) सहा ते आठ आठवड्यांनी करतात, आधी केलं तर उपचारांची सूजच चमकते. तो स्कॅन झाल्यावर काही तास तान्ही मुलं आणि गरोदर बाई जवळ नको. थकवा महिनोन्‌महिने राहतो, बोटांच्या बधिरपणामुळे शर्टाची बटणं लागत नाहीत. रिटुक्सिमॅबनंतर साधारण सहा महिने लसींचा परिणाम कमी होतो, जिवंत जंतूंच्या लसी तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत घ्यायच्याच नाहीत. कामावर परतताना लोकलची गर्दीची वेळ टाळावी. कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ असू द्या, कारण डोक्यावर केस परत आले की कोणी विश्वास ठेवत नाही.