ध चा त

वयाच्या ४२व्या वर्षी मी तबल्याच्या क्लासला नाव घातलं तेव्हा घरात कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. पहिले तीन आठवडे तर तबल्याला हातच लावू दिला नाही. सर म्हणाले, "आधी तोंडानं म्हणा. तोंडाला जे येत नाही ते हाताला कुठून येणार?" मग आम्ही आठ जण, त्यातले सहा चौथीच्या आतले, मांडी घालून पढंत करायला लागलो. हातानं टाळी, तोंडानं बोल, म्हणजे तबल्याची अक्षरं. पोरांचं लक्ष बोलांकडे, माझं गुडघ्यांकडे.

धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. त्रिताल, १६ मात्रा. नवव्या मात्रेला टाळी द्यायची नाही, तळवा उताणा करून हात नुसता सोडायचा. हिला 'खाली' म्हणतात. मी हटकून तिथेच टाळी द्यायचो आणि शेजारची सात वर्षांची मुलगी माझ्याकडे दयेनं बघायची.

हे बोल म्हणजे कुणीतरी सोयीसाठी ठरवलेले आवाज, अशी माझी समजूत होती. एके दिवशी सरांनी डग्गा, म्हणजे जोडीतला डाव्या हाताचा, घुमणारा भाग, बाजूला सरकवला, 'धा' वाजवायला सांगितला आणि वाजला 'ता'. दोन्ही हात मिळून धा होतो. डग्ग्याचा घुमारा काढला की उरतो ता. आपल्याकडे ध चा मा केल्यामुळे १७७३ साली शनिवारवाड्यात पेशवा मारला गेल्याची गोष्ट सांगतात. तबलजी रोज ध चा त करतो आणि त्याला वाहवा मिळते.

घरी आल्यावर कंठावर बोट ठेवून पाहिलं. 'ध' उच्चारताना बोटाखाली आधीच थरथर सुरू होते. 'त'ला मात्र पुढचा स्वर येईपर्यंत सगळं कोरडं. शाळेत घोष आणि अघोष म्हणून घोकलेलं, पेपरात दोन मार्कांना लिहिलेलं आणि मग विसरलेलं व्याकरण ते हेच. घुमणाऱ्या डग्ग्याला 'गे', 'घे', आणि पंजा दाबून बंद केलेल्या डग्ग्याला 'के', 'कत्'. म्हणजे तिथेही तोच हिशोब! ज्यानं कुणी ही अक्षरं नेमून दिली त्याचा कान केवढा तयार असेल.

आणि मग कायदा शिकलो, म्हणजे तबल्यातली बोलांची एक बांधीव रचना. 'धाधातिट धाधातिंना', लगेच 'तातातिट धाधाधिंना'. पहिली ओळ भरलेली, दुसरी डग्गा मिटून सुरू होते आणि शेवटी पुन्हा उघडते. तिंनाला धिंनाचं यमक. आता याला कविता म्हणायचं नाही तर काय? अर्थ नाही म्हणाल, तर अर्थ असूनही कविता न झालेल्या पुष्कळ ओळी मी स्वतः कॉलेजात लिहिल्या आहेत.

थोर तबलावादक अहमदजान थिरकवाखाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत साथीला होते. रात्रीमागून रात्री, पदातला शब्द कुठे रेंगाळतोय आणि कुठे उतरतोय ते बघत ठेका धरायचा. अशा संगतीत हातालाही थोडं मराठी येत असणार, असं मला उगाचच वाटतं.

हे डोक्यात घेऊनच परवा आईजवळ बसलो होतो. ती मेथी निवडत 'सुंदर ते ध्यान' गुणगुणत होती. मी बोटांवर अक्षरं मोजली. सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. पुन्हा मोजली, पुन्हा चारच. मोठ्या अभंगाचं माप हेच, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण ती रिकामी जागा बोटांना आज लागली.

"आई, इथं दोन अक्षरं कमी पडतात."

"कुठं?"

"ठेवोनियाच्या पुढं."

तिनं ओळ पुन्हा म्हणून पाहिली. 'ठेवोनियाऽऽ' लांबवलं, आणि उरलेल्या जागेत मेथीची जुडी ताटाच्या काठावर दोनदा आपटली. माती झडली.

"काही कमी नाही," म्हणाली. "आणि तू देठं पानांत टाकतोयस."