शॉक लागलेला खांदा आणि ‘नॉर्मल’ एक्सरे

माझ्याकडे फिजिओथेरपीला आलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी एवढंच लिहिलं होतं, फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा), शेक आणि व्यायाम द्या. पेशंट पन्नाशीचे, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, शुगरची गोळी चालू. शुगरवाल्यांचा खांदा जास्त आखडतो हे खरंच आहे, त्यामुळे चिठ्ठी वाचून कुणाला शंका यायचं कारणच नाही. मशीन लावायच्या आधी विचारलं, मामा कधीपासून दुखतंय? तर म्हणाले, "करंट बसला की ओ मॅडम, दोन आठवडे झाले, तेव्हापासून हात असाच आहे."

फ्रोझन शोल्डर एका रात्रीत होत नाही, आठवडे-महिने हळूहळू आखडत जातो. यांचा तर शॉक बसल्या क्षणी अडकला होता.

शर्ट काढायला लावला. पुढून खांदा चपटा, हाडाचा एक कोपरा वर आलेला, आणि मागून बघितलं तर तिथे भरीव गोळा. कोपर कमरेला टेकवून हात बाहेर वळवा म्हटलं तर पंजा पोटासमोरून हलेना, मी वळवून बघितला तरी मध्येच खटकन अडला. कापूस फिरवून बघितला, खांद्याच्या बाहेरच्या अंगाला स्पर्श कळत होता, म्हणजे तिथली नस तरी ठीक.

खांदा निखळला की बहुतेक वेळा पुढे निखळतो, ते कुणालाही लांबून कळतं. पण शॉक किंवा फिट आली की सगळे स्नायू एकदम आवळतात, हात आत वळवणारे स्नायू जास्त ताकदीचे, ते दंडाच्या हाडाचा गोळा सांध्यातून मागे ढकलतात. मामांचं तेच झालं असणार. समोरून काढलेल्या एक्सरेत हा प्रकार सहज सुटतो, वळलेल्या हाडाचं डोकं बल्बसारखं गोल दिसतं ही एक खूण. काखेतून दुसरा फोटो काढला की लगेच सापडतं. पण एक फोटो काढायचा, रिपोर्ट नॉर्मल, विषय संपला, ही आपल्याकडची पद्धत. वर कारखान्यातल्या लोकांनी आधी हाड बसवणाऱ्याकडे नेऊन तेल लावून ओढून घेतलं होतं, म्हणजे कमालच! कुणाला शॉक बसला की आधी मेन स्विच बंद करायचा, माणसाला तसाच हात लावायचा नाही, मग हात आहे त्याच स्थितीत झोळीत अडकवायचा, कापडातून बर्फ, आणि शॉक आहे म्हणून हृदयाची पट्टी (ईसीजी) काढायला थेट दवाखान्यात. ओढाओढी, मालिश बिलकुल नाही.

मी मशीन लावलंच नाही, ऑर्थोच्या (हाडांच्या) सरांना फोन केला. काखेतला फोटो, मग सीटी स्कॅन. गोळ्याला पुढून खाच पडलेली होती पण लहान, आणि तीन आठवड्यांच्या आत सापडलं म्हणून भूल देऊन न कापता बसला. अजून महिनाभर उशीर झाला असता तर बहुधा ऑपरेशनच.

आता हात थोडा बाहेर वळवलेल्या पट्ट्यात आहे, तो निघाला की माझं काम सुरू. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना कळवलं, त्यांनी ‘ओके’ पाठवलं. परवा मामांना विचारलं, मालकांनी शॉक बसला त्या मोटरचं अर्थिंग करून घेतलं का? हसले आणि म्हणाले, "करतो म्हणालेत की ओ."