पायाखालची पिवळी रेघ

ओसाकाला येऊन मला आता चौथे वर्ष लागले आहे. पहिल्या वर्षी घरच्यांना पाठवलेले निरोप मध्यंतरी पुन्हा वाचले, तेव्हा त्यांत चेरीचा बहर, शिनकान्सेन या बुलेट ट्रेनचा वक्तशीरपणा आणि रस्त्यांची स्वच्छता यांविषयी पानेच्या पाने लिहिलेली आढळली. ज्या गोष्टीवर मी त्या वर्षभरात रोज पाय ठेवत होते, तिच्याविषयी मात्र एकच वाक्य होते. ‘इथल्या पदपथांवर मधोमध पिवळ्या खडबडीत लाद्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावरून बॅगेची चाके नीट जात नाहीत.’ हे वाक्य वाचून मला फार वाईट वाटले, कारण त्या लाद्या कोणासाठी आहेत हे मला तेव्हाही ढोबळमानाने ठाऊक होते. ठाऊक असूनही त्यांच्याकडे पाहावे, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

पाहायला लागले ते एका सकाळी घडलेल्या प्रसंगानंतर. मी फलाटावर गाडीची वाट पाहत रांगेत उभी होते आणि हातातली जड पिशवी शेजारच्या पिवळ्या पट्ट्यावर टेकवली होती. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ पांढऱ्या काठीने त्या पट्ट्याचा अंदाज घेत चालत आले, त्यांची काठी माझ्या पिशवीवर आपटली आणि ते जागच्या जागी थबकले. मी गडबडून पिशवी उचलेपर्यंत त्यांनीच किंचित वाकून ‘सुमिमासेन’ म्हटले, म्हणजे माझी क्षमा मागितली, आणि ते पुढे निघून गेले. त्यांची वाट मी अडवली होती आणि क्षमा मात्र त्यांनी मागितली होती. माझ्या तोंडून वेळेवर शब्द फुटला नाही, ही गोष्ट आजही मनाला लागून राहिली आहे.

त्या संध्याकाळी स्थानकापासून घरापर्यंत मी त्या पट्ट्यावरूनच चालत आले, आणि या लाद्या दोन प्रकारच्या असतात, हे मला प्रथमच नीट कळले. एका प्रकारावर लांबट समांतर पट्ट्या उठवलेल्या असतात, त्यांचा अर्थ ‘या दिशेने चालत राहा’ असा होतो. दुसऱ्या प्रकारावर गोल ठिपके असतात, त्यांचा अर्थ ‘थांबा, येथे लक्ष द्या’ असा होतो. वाट वळते किंवा फुटते तेथे, जिन्याच्या आधी, रस्ता ओलांडण्याच्या जागी आणि फलाटाच्या कडेला ठिपके असतात. साधारण तीस सेंटिमीटरची चौकोनी लादी आणि त्यावर जेमतेम पाच मिलिमीटरचा उंचवटा, एवढ्यावर ही सगळी लिपी उभी आहे, आणि बुटाच्या तळव्यातूनही ती वाचता येते. फलाटाच्या कडेचा तपशील तर मला थक्क करणारा वाटला. अनेक फलाटांवर ठिपक्यांच्या लाद्यांना एका बाजूने आणखी एक सलग उभी रेघ जोडलेली असते, आणि ती रेघ ज्या बाजूला आहे ती फलाटाची आतली बाजू असते. दिशेचा गोंधळ झालेल्या माणसाला रूळ कोणत्या बाजूला आहेत आणि सुरक्षित जागा कोणत्या बाजूला, हे ती एक रेघ सांगते.

या लाद्यांना जपानीत ‘तेन्जी ब्लॉक’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ब्रेल ठोकळे. त्यांचा जन्म ओकायामा शहरातला. ते शहर शिन-ओसाकाहून शिनकान्सेनने पाऊण तासाच्या अंतरावर आहे. तेथे राहणारे सेइइची मियाके हे गृहस्थ व्यवसायाने अभियंता नव्हते, त्यांचे एक लहानसे प्रवासी निवास होते. एका स्नेह्याची दृष्टी अधू होत गेल्याचे जवळून पाहिल्यावर त्यांनी या प्रश्नात लक्ष घातले आणि 1965 मध्ये उठावदार लादीची कल्पना सिद्ध केली. 18 मार्च 1967 रोजी ओकायामातील अंध शाळेजवळच्या एका चौकात, रस्ता ओलांडण्याच्या जागी, अशा पहिल्या 230 लाद्या बसवण्यात आल्या. तो दिवस जपानमध्ये आजही ‘तेन्जी ब्लॉक दिन’ म्हणून ओळखला जातो. तीनच वर्षांनी, 1970 मध्ये, या लाद्या रेल्वेच्या फलाटावर प्रथम आल्या, आणि ते स्थानक होते ओसाकातील हानवा मार्गावरचे आबिकोचो. मी रोज कामाला जाते तो हाच मार्ग आहे. इतके दिवस त्या स्थानकाचे नाव केवळ ध्वनिक्षेपकावर ऐकत होते. आता गाडी तेथे थांबली की माझी नजर आपोआप फलाटाच्या कडेकडे जाते.

पिवळा रंगही केवळ सवयीने आलेला नाही. दृष्टी पूर्ण गेलेली नसून अंधूक झालेली आहे, अशी माणसे संख्येने पुष्कळ असतात, आणि करड्या जमिनीवर पिवळी रेघ त्यांना दिसू शकते. म्हणूनच एखाद्या नव्या इमारतीच्या प्रांगणात, दगडी फरशीला शोभून दिसावे म्हणून या लाद्या करड्या रंगाच्या बसवलेल्या दिसल्या, की मला मनापासून राग येतो. चाकाच्या खुर्चीला आणि बाबागाडीला या उंचवट्यांचा त्रास होतो, हेही खरे आहे, आणि एकाची सोय दुसऱ्याची अडचण ठरू नये यासाठी पदपथ रुंद असावे लागतात. पण केवळ शोभेसाठी कोणाची वाट पुसून टाकणे मला पटत नाही.

पायाखाली एकदा लक्ष गेल्यावर हातही पाहायला शिकले. न्हाणीघरातल्या शाम्पूच्या बाटलीला कडेने बारीक खाचांची रांग आहे आणि शेजारच्या कंडिशनरच्या बाटलीला ती नाही, हे मी दोन वर्षे त्या बाटल्या वापरूनही टिपले नव्हते. डोक्यावर पाणी घेताना सगळ्यांचेच डोळे मिटलेले असतात, त्यामुळे या खाचांचा उपयोग डोळस माणसालाही तेवढाच होतो. काओ या कंपनीने 1991 मध्ये ही खूण आणली आणि तिच्यावर स्वतःचा हक्क न ठेवता इतर उत्पादकांनाही ती वापरू दिली. हे वाचले तेव्हा मला फार समाधान वाटले, कारण प्रत्येक कंपनीची खूण निराळी असती तर त्या खुणेला काहीच अर्थ उरला नसता. दुधाच्या कागदी खोक्याच्या माथ्यावर एक अर्धगोल खाच असते. आत निव्वळ दूध आहे आणि खोके खाचेच्या विरुद्ध बाजूने उघडायचे आहे, या दोन्ही गोष्टी ती एक खाच सांगते. बिअरच्या डब्याच्या झाकणावर ब्रेलमध्ये ‘ओसाके’, म्हणजे मद्य, असे उठवलेले असते, म्हणजे सरबत समजून कोणी चुकून तो डबा उघडत नाही. पाच आणि पन्नास येनच्या नाण्यांना मधोमध भोक असते. जुलै 2024 मध्ये आलेल्या नव्या नोटांवर तिरक्या उठावदार रेघा आहेत आणि प्रत्येक नोटेवर त्यांची जागा वेगळी आहे.

सर्वांत उशिरा कान जागे झाले. स्थानकावर जिन्यापाशी मला नेहमी पक्ष्यांची किलबिल ऐकू येत असे आणि छपराच्या आढ्याला कोठेतरी घरटे असेल, असे मी समजत होते. प्रत्यक्षात तो आवाज एका लहान ध्वनिक्षेपकातून येतो आणि बाहेर पडण्याचा जिना येथे आहे, हे सांगतो. तिकीट तपासणीच्या फाटकापाशी ठरावीक अंतराने वाजणारी दोन सुरांची घंटाही त्याचसाठी असते. जिन्याच्या कठड्याला हात लावला, तर सुरुवातीलाच ब्रेलचे ठिपके बोटांना लागतात, हा जिना कोठे जातो ते त्यात लिहिलेले असते. मला ब्रेल वाचता येत नाही, तरीही आता मी कठड्यावरून हात फिरवल्याशिवाय जिना उतरत नाही.

हे सगळे लिहिताना माझी बोटे ज्या कळफलकावर आहेत, त्याच्या ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन कळांवर एकेक बारीक उंचवटा आहे. तुमच्याही कळफलकावर तो असेल. गेल्या रविवारी आईशी बोलताना मी तिला पाकिटातून पाचशेची नोट काढायला सांगितली आणि डोळे मिटून तिच्या डाव्या व उजव्या कडेवरून अंगठा फिरवायला सांगितला. ती आधी म्हणाली, ‘अगं, काहीच लागत नाही.’ मग थोडा वेळ गप्प राहिली. मला पलीकडून फक्त नोटेची सळसळ ऐकू येत होती. ‘थांब, रेघा आहेत गं. एक, दोन... पाच आहेत. या बाजूलाही पाचच.’ मग मला काही बोलू न देताच तिने बाबांना हाक मारली आणि शंभराची नोट आणायला सांगितली. ‘सांगू नकोस हं,’ ती मला म्हणाली, ‘मी मोजते.’ थोड्या वेळाने तिने चार रेघा बरोबर मोजल्या.